घरच्या घरी मुद्राचित्रण: प्रेस नसताना सुरुवात कशी करावी? (बडोदा)

कारेलीबाग_उत्तर
नमस्कार मंडळी. मुद्राचित्रण, म्हणजे ठसा कोरून त्यावरून कागदावर चित्र छापणं, शिकायचं आहे. चित्रं काढता येतात, पण फाइन आर्ट्सचं शिक्षण नाही. जागा म्हणजे फ्लॅटमधलं एक टेबल आणि गॅलरी. प्रेस (दाब देणारं छपाईयंत्र) नाही, लगेच घेणंही शक्य नाही. व्हिडिओ पाहावेत तर प्रत्येकाचं सामान वेगळं, आणि त्यातलं निम्मं इथे मिळत नाही. म्हणून विचारते: कोणत्या पद्धतीनं सुरू करावं, सामान नेमकं काय घ्यावं, आणि सुरुवातीला काय काय बिघडतं?

शिरोरेखा
ताई, लिनोकटनं सुरू करा, म्हणजे लिनोलियमच्या (लिनोच्या) तुकड्यावर चित्र कोरून उरलेल्या उठावावर शाई लावून छापणं. एकच रंग, ए५ आकार, चमच्यानं घासून छपाई. एचिंगला (आम्लानं धातूवर रेघा कोरणं) प्रेस लागतो, लिथोला दगड आणि प्रेस दोन्ही, स्क्रीनला (जाळीतून छपाई) फ्रेम, इमल्शन आणि अंधारी जागा. लिनोला एक टेबल पुरतं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण सगळे इथेच अडतात. नवखी माणसं सगळा जीव कोरण्यात घालतात आणि छपाई दहा मिनिटांत उरकू पाहतात. कोरणं आठवड्याभरात हाताखाली येतं. छापा बिघडतो तो शाई आणि कागदापाशी. म्हणून पहिला ठसा साधा ठेवा, पाच-सहा ठळक आकारांचा, आणि त्यावरून भरपूर छापे काढा.

सामान असं:

लिनो ३ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, राखाडी किंवा तपकिरी, मागे तागाचं कापड असलेला. ए५चे दोन तुकडे घ्या. घेताना कोपरा हलकेच वाकवून बघा. तडकला तर तो जुना माल आहे, त्यातलं जवसाचं तेल वाळून कडक झालंय. असा लिनो पटाशीखाली कपच्या टाकतो.

पटाशा तीनच, पात्याच्या आकारावरून: अरुंद व्ही, अरुंद यू, रुंद यू. दहा-बारा नगांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा या तीन चांगल्या पोलादाच्या घ्या.

रबरी रोलर १० सेंटिमीटर रुंदीचा. काच ३० × ३० सेंटिमीटर, ५ मिलिमीटर जाड. काचवाल्याकडून कडा घासून आणा. काळी शाई, तेलातली. स्टीलचा मोठा चमचा. पुट्टी नाइफ किंवा जुना पसरट सुरा. बटर पेपर.

फाइन आर्ट्सच्या विद्यार्थ्यांमुळे आपल्याकडे कलासाहित्याच्या दुकानांत लिनो आणि पटाशा मिळतात. काच आणि चमच्यासाठी कुठे जायची गरज नाही.

मकरपुरा_टूलरूम
यात एक लाकडी पाट जोडा, तो सगळ्यात महत्त्वाचा. ९ मिमी प्लाय, २५ × ३० सेंमी. एका कडेला खालून पट्टी ठोका, ती टेबलाच्या कडेला अडकते. समोरच्या कडेला वरून पट्टी ठोका, तिला लिनो टेकतो. ठसा हातानं धरावा लागत नाही, म्हणून दुसरा हात पटाशीच्या मागे राहतो. लिनोकटमधल्या बहुतेक जखमा डाव्या हाताच्या तर्जनीला होतात आणि त्याचं कारण एकच: हात पात्याच्या पुढे असतो.

पटाशी बोथट झाली की जास्त जोर लागतो, आणि जोर लावला की ती सटकते. दर अर्ध्या तासानं धार लावा. चामड्याच्या पट्टीवर हिरवं पॉलिश कंपाऊंड चोळायचं (हार्डवेअरवाल्याकडे वडी मिळते) आणि पटाशी मागे ओढायची, आठ-दहा वेळा. पुढे ढकलली तर चामडं कापतं. यू पटाशीला ओढताना मनगटातून गोल फिरवा, म्हणजे पूर्ण कडेला धार लागते. पात्याचा टवका उडाला असेल तरच १००० किंवा १२०० नंबरचा पॉलिश पेपर.

रंगरेषा
लिनोऐवजी ते गुलाबी-निळे मऊ रबरी ठोकळे का नकोत? कोरायला लोण्याहून मऊ असतात आणि लहान मुलांनाही जमतात.

शिरोरेखा
मुलांच्या शिबिराला जरूर वापरा. पण रबर दाबाखाली पसरतं. चमचा फिरला की बारीक रेघ लवते आणि छाप्यात जाड उमटते. शिवाय तेलाच्या शाईनं आणि ती पुसायच्या द्रावकानं काही ठोकळे कालांतरानं चिकट होतात. रेषेवर भरवसा हवा असेल तर लिनोच.

कारेलीबाग_उत्तर
लिनो आणला. चित्र उलटं उतरतं हे माहीत आहे, पण लिनोवर चढवायचं कसं? आणि कोरताना कशाकडे लक्ष द्यायचं?

दांडियाबाजारकर
चित्र ट्रेसिंग पेपरवर ४बी पेन्सिलनं काढा. कागद पालथा करून लिनोवर ठेवा, चारी बाजूंना चिकटपट्टी लावा, मागून चमच्यानं घासा. शिसं लिनोवर उतरतं आणि चित्र आपोआप उलटं होतं. मग त्या रेघा बॉलपेननं गिरवा. मार्कर वापरला तर काही मार्करांचा रंग तेलाच्या शाईत विरघळून पहिल्या छाप्यांत येतो.

कोरण्याआधी पृष्ठभागावरून ४०० नंबरचा पॉलिश पेपर ओला करून हलक्या हातानं गोल फिरवा. कारखान्यातली गुळगुळीत पापडी निघते आणि शाई सगळीकडे सारखी धरते. वाळल्यावर पातळ लाल पोस्टर रंगाचा एक हात मारून ठेवलात तर कोरलेला भाग लगेच ओळखू येतो.

थंडीत लिनो कडक होतो. बडोद्यात जानेवारीच्या सकाळी हे जाणवतं. दहा मिनिटं उन्हात ठेवा, किंवा वर कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा. मे महिन्यात उलट, तो इतका मऊ होतो की कडा दबतात. तेव्हा सकाळी कोरा.

खोली १ ते दीड मिलिमीटर. तागाच्या कापडापर्यंत जाऊ नका, धागे वर येऊन शाई धरतात. रेघेच्या दोन्ही भिंती बाहेरच्या बाजूला उतरत्या हव्यात, पायाशी रुंद. पटाशी आडवी धरून आत कापलंत तर रेघ खालून पोकळ होते आणि सातव्या-आठव्या छाप्याला तुटते. व्हीनं आधी आकाराची कड आखून घ्या, मग यूनं आतला भाग काढा. वळणावर पटाशी न वळवता लिनो फिरवा.

रिकाम्या भागात पटाशीच्या खुणा राहतात आणि त्यांवर थोडी शाई लागतेच. काही जण त्या पूर्ण साफ करतात. माझं मत उलट आहे: खुणा आकाराच्या दिशेनं घेतल्या तर चित्राला जीव येतो. हे पाहायचं असेल तर बंगालचे चित्रकार चित्तप्रसाद यांची लिनोकट शोधून बघा. काळा-पांढरा एवढ्याच भांडवलावर माणसाचे हात आणि चेहरे कसे उभे राहतात ते त्यांत दिसतं.

शिरोरेखा
आता शाई. इथे मी लांबण लावणार आहे.

तेलातली रिलीफ (उठावाच्या छपाईची) शाई ट्यूबमध्ये किंवा डब्यात मिळते. महाग वाटली तर ऑफसेटची काळी शाई चालते. छापखान्यांना माल देणाऱ्यांकडे किलोचा डबा मिळतो, आणि ती वर्षभर पुरते. ऑफसेटची शाई चिकट असते, पातळ कागदाचे तंतू उचलते. दोन चमचे शाईत जवसाच्या तेलाचे तीन-चार थेंब घालून सुऱ्यानं पाच मिनिटं घोटा. केरोसीन घालू नका. शाई पातळ होते, पण कागदावर तेलकट कडा पसरते. शाई सैल झालीच तर मॅग्नेशियम कार्बोनेटची चिमूट, ते नसेल तर बिनवासाची टाल्कम पावडर.

ए५ ठशाला पहिल्या खेपेला अर्धा चहाचा चमचा शाई पुरते. काचेच्या वरच्या कडेला रोलरच्या रुंदीची पातळ पट्टी ओढा. तिथून रोलरवर थोडीच घ्या आणि खाली मोकळ्या काचेवर फिरवा. प्रत्येक फेरीच्या शेवटी रोलर काचेवरून उचला, म्हणजे तो थोडा फिरून वेगळ्या जागी टेकतो. न उचलता पुढे-मागे घासत राहिलात तर रोलरची तीच बाजू त्याच जागी येते आणि पट्टे पडतात.

किती फिरवायचं हे कानानं ठरवायचं. शाई जास्त असताना रोलर पचपच आवाज करतो आणि काचेवर संत्र्याच्या सालीसारखे उंचवटे दिसतात. फिरवत राहिलं की उंचवटे बारीक होत जातात आणि आवाज कोरडा, सलग चर्रर्र असा येतो. थर तिथे बरोबर झाला. आवाज जवळजवळ बंद पडला तर शाई कमी आहे, पट्टीतून आणखी घ्या.

आता ठशावर. एकदम जाड थर न देता तीन-चार पातळ थर द्या, प्रत्येक वेळी रोलर काचेवर पुन्हा भरून, एकदा उभा, एकदा आडवा. ठसा उजेडाच्या दिशेला तिरपा धरून बघा. चकाकी सगळीकडे सारखी हवी. जिथे मंद दिसते तिथे शाई नाही. पहिले दोन-तीन छापे फिके येणारच, कारण लिनो शाई पितो. ते न्यूजप्रिंटवर काढा, चांगला कागद वाया घालवू नका.

मकरपुरा_टूलरूम
+१. आणि काच टेबलावर हलत असेल तर खाली ओलं फडकं घाला. खाली पांढरा कागद ठेवलात तर थराची जाडी चटकन कळते.

कारेलीबाग_उत्तर
तीन छापे काढले, फोटो लावते आहे. पहिल्यात मधल्या काळ्या भागात पांढरे ठिपके. दुसऱ्यात बारीक रेघा बुजल्या. तिसऱ्याची डावी बाजू बरी, उजवीकडे सगळं दुहेरी. कागद २०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) ड्रॉइंग पेपर.

दांडियाबाजारकर
तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

ठिपके: शाई कमी नाही, कागद जाड आणि खरबरीत आहे. चमच्याचा दाब त्याच्या खळग्यांत पोचत नाही. लोक इथे शाई वाढवतात, आणि दुसऱ्या छाप्यात तेच झालंय: जादा शाई कोरलेल्या खाचांत उतरली. आता आणखी छापू नका. ठसा तेलाच्या बोळ्यानं पुसा, मऊ टूथब्रशनं खाचा मोकळ्या करा, कोरडा करून पुन्हा सुरू करा.

दुहेरी: घासताना कागद सरकला. शाई जास्त असली की ठसा निसरडा होतो, तेही कारण आहेच. कागद ठेवल्यावर आधी तळहातानं मधून कडांकडे दाबा म्हणजे तो शाईला चिकटतो. वर बटर पेपर ठेवा, चमचा त्यावर सरकतो आणि मूळ कागद ओढला जात नाही. चमच्याच्या फुगीर बाजूनं दोन-दोन सेंटिमीटरची वर्तुळं, एका कोपऱ्यातून ओळीनं. कडांवर हलका हात, भरीव काळ्यावर जोर. ए५ला पाच-सात मिनिटं लागतात.

तपासायचं असेल तेव्हा अर्धा कागद तळहातानं दाबून ठेवा आणि दुसरी बाजू हळूच उचलून बघा. फिकं दिसलं तर तेवढाच भाग पुन्हा शाई देऊन, कागद परत टेकवून घासता येतो. ही सोय प्रेसवर नाही. हातानं छापण्याचा मोठा फायदा हाच.

सुरसागर_काठ
कागदाबद्दल थोडं. चमच्यासाठी ६० ते १०० जीएसएमच्या मधला, गुळगुळीत आणि मऊ कागद घ्या. हातकागद घेतलात तर पातळ आणि इस्त्री केलेला; फुलं-पाकळ्या घातलेला नको. अहमदाबादचं कलमखुश आणि पुण्याची हातकागद संस्था ही आपल्याला जवळची ठिकाणं. दुकानात परीक्षा सोपी: कागदाच्या पाठीवर नख ओढा, पुढच्या बाजूनं खूण दिसली तर चमच्याचा दाब शाईपर्यंत पोचेल.

जाडच हवा असेल तर ओलवा. स्पंजनं एका बाजूनं ओला करून, दोन-दोन कागद तोंडाला तोंड लावून प्लॅस्टिकमध्ये, वर वजन, रात्रभर. छापताना पृष्ठभागावर पाण्याची चमक दिसता कामा नये, हाताला नुसता गार लागावा. पावसाळ्यात असे ओले कागद दुसऱ्या दिवशीच वापरून टाका, नाहीतर बुरशी धरते.

रंगरेषा
पावसाळ्यात शाई वाळतच नाही. जुलैमध्ये आठवडाभर हाताला लागते. ड्रायर (शाई लवकर वाळवणारं द्रव्य) घालू का?

शिरोरेखा
कोबाल्ट ड्रायर शाईच्या वजनाच्या एक-दोन टक्के, म्हणजे चमचाभर शाईला एखादाच थेंब. जास्त घातलात तर वरचा पापुद्रा वाळतो, आत ओलं राहतं, आणि रोलरवरची शाई काम चालू असताना घट्ट होते. हातमोजे घालून मिसळा. त्याआधी दोन गोष्टी करा: थर पातळ ठेवा, आणि छापे एकावर एक न रचता दोरीवर चिमट्यांनी टांगून पंखा लावा. तेलाची शाई हवेतला प्राणवायू घेऊन वाळते, तिला वारा हवा. कागदाची जात बदलूनही फरक पडतो, शोषणाऱ्या कागदावर लवकर वाळते.

पाण्याच्या शाईचा त्रास नेमका उलटा. एप्रिल-मेमध्ये ती काचेवरच वाळते. ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब, आणि पंखा बंद.

मकरपुरा_टूलरूम
साफसफाई कोणी सांगितली नाही. टर्पेंटाइन, थिनर घरात नको. जुनं खाद्यतेल फडक्यावर घेऊन काच, रोलर, ठसा पुसा, मग भांड्यांचा साबण आणि पाणी. ठसा पाण्यात बुडवू नका, ताग फुगतो आणि लिनो वाकडा होतो. रोलर टांगून ठेवा. रबर टेकवून ठेवलं की चपटं होतं आणि तो चपटा भाग प्रत्येक छाप्यात दिसतो.

आणि हे नीट वाचा: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं. फडकं बोळा होऊन पडलं की उष्णता आत साठते आणि काडी न लावता पेटू शकतं. बडोद्याच्या उन्हाळ्यात, बंद गॅलरीत, धोका आणखी जास्त. फडकी गॅलरीच्या दांडीवर सुटी पसरून पूर्ण वाळवा, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

कारेलीबाग_उत्तर
१०० जीएसएमच्या कागदावर, बटर पेपर ठेवून काढलेले छापे स्वच्छ आले. ठिपके गेले. धन्यवाद! आता कोरीव धातूची, बारीक सुईच्या रेघेची चित्रं खुणावताहेत. बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट यांचे इंटाग्लिओ (खाचांत भरलेल्या शाईचे) छापे पाहिल्यापासून तर जास्तच. घरी काही जमेल का?

सुरसागर_काठ
आम्लाशिवाय जमेल. ड्रायपॉइंट करा. मोकळं झालेलं अमूल ताकाचं टेट्रापॅक उघडा, धुवा, सपाट करा. आतली चंदेरी बाजू ही तुमची प्लेट. जाड सुईनं किंवा कर्कटकाच्या, म्हणजे कंपासच्या टोकानं रेघा ओरखडा. जिथे सपाट काळा हवा तिथे ब्लेडनं कड कापून चंदेरी पापुद्रा सोलून काढा. खालचा पुठ्ठा शाई धरतो. शाई पुठ्ठ्याच्या तुकड्यानं रेघांत भरा, वरची शाई जाळीच्या कापडानं आणि मग वर्तमानपत्राच्या कागदानं पुसा. पुसणं गोलाकार, हात सपाट, नाहीतर रेघेतली शाई बाहेर ओढली जाते.

छपाईला मात्र चमचा पुरत नाही. कागद रेघेच्या आत ढकलावा लागतो. ओलवलेला कागद, वर फेल्टचा तुकडा, आणि घरी पास्ता लाटायचं हातयंत्र असेल तर त्याच्या रुळांतून काढा. रूळ अरुंद असतात, त्यामुळे प्लेट पोस्टकार्डाएवढीच. ते यंत्र पुन्हा खाण्यासाठी वापरायचं नाही. टेट्रापॅक पाच ते दहा छाप्यांत दमतं. पुढे १ मिमीची पारदर्शक पॉलिकार्बोनेट शीट घ्या, खाली चित्र ठेवून गिरवता येतं.

मोठ्या कामाला खरा प्रेसच लागतो. बडोद्यात छाप फाउंडेशनसारखी मुद्राचित्रकारांची कार्यशाळा आहे. प्रेस विकत घेण्याच्या आधी अशा ठिकाणी जाऊन विचारा. आपल्या शहरात १९५० पासून फाइन आर्ट्स फॅकल्टी आहे, इथे हे काम जाणणारी माणसं मिळतात. गरज असेल तर सरळ जाऊन भेटा.

रंगरेषा
जस्ताच्या पत्र्यावर नायट्रिक?

मकरपुरा_टूलरूम
फ्लॅटमध्ये अजिबात नको. जस्तावर नायट्रिकचा जो तपकिरी धूर निघतो तो फुफ्फुसांना घातक, आणि त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो. जस्तासाठी मोरचूद आणि मीठ समभाग पाण्यात विरघळवून तो विषारी धूर टाळता येतो. रेघांत तांब्याचा लाल गाळ बसतो, तो पिसानं झाडत राहायचा. पण तेही हवेशीर जागी, चष्मा आणि हातमोजे घालून, जाणकाराच्या देखरेखीखाली. अॅल्युमिनियमवर हेच द्रावण जोरात तापतं, तिथे नवख्यांनी जाऊ नये. उरलेलं मोरचूद मोरीत ओतायचं नाही, माशांना ते विष आहे.

दांडियाबाजारकर
मराठी वाचकांसाठी एक जोड: धातूवर कोरून छापण्याचं हे काम आपल्याकडे नवं नाही. १८०५ साली मिरजेला पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापून घेतली होती. आणि राजा रविवर्मांची जी ओलिओग्राफ आपल्या घरांच्या भिंतींवर असतात, ती दगडावरची रंगीत लिथो. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. फत्तेसिंह संग्रहालयात त्यांची मूळ तैलचित्रं बघा, मग घरचा छापा भिंगाखाली धरा. रंगांचे सुटे ठिपके दिसतील.

कारेलीबाग_उत्तर
शेवटचे दोन प्रश्न. लिनोत दुसरा रंग घालायचा तर दोन्ही छापे एकमेकांवर नेमके कसे बसवायचे? आणि पेन्सिलनं ३/१० असं लिहितात ते कसं?

शिरोरेखा
ठशापेक्षा चारी बाजूंना ८ सेंटिमीटर मोठा पुठ्ठा घ्या. त्यावर लिनोच्याच जाडीच्या पट्ट्यांचा काटकोन चिकटवा; लिनो दर वेळी त्याच कोनात बसवायचा. कागदासाठी बाहेरच्या बाजूला दुसरा काटकोन, पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांचा. कागदाचा तोच कोपरा दर वेळी तिथे टेकला पाहिजे, म्हणून मागच्या बाजूला त्या कोपऱ्यावर पेन्सिलनं फुली करा. सगळे कागद एकाच मापाचे कापा आणि कोरडेच वापरा, ओला कागद वाळताना आक्रसतो आणि दुसरा रंग हुकतो.

एकाच ठशातून दोन रंग काढायचे असतील तर आधी फिका रंग छापा, मग जिथे तो राहायला हवा तेवढं कोरून काढा आणि गडद छापा. ठसा मागे येत नाही, म्हणून दहा छापे हवे असतील तर पंधरा कागदांपासून सुरू करा. पहिला रंग हाताला लागेनासा झाल्यावरच दुसरा.

आकडा: चित्राखाली डावीकडे ३/१०, म्हणजे दहाच्या आवृत्तीतला तिसरा. मधे नाव, उजवीकडे सही. पेन्सिलनंच, कारण शाई फिकी पडते आणि पेन्सिल कागदात दबते. दहाही छापे सारखे आले तरच त्यांना आवृत्ती म्हणा. आवृत्तीबाहेर स्वतःसाठी ठेवलेल्या एक-दोन प्रतींवर ए/पी (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहायचं. जाहीर केलेल्या दहानंतर अकरावा काढायचा नाही. ठशावर एक आडवी रेघ कोरून ठेवा.

मकरपुरा_टूलरूम
आणि जो ठसा पुन्हा छापायचा आहे तो पुसून, वर बटर पेपर घालून, सपाट ठेवा. उभा ठेवला की उन्हाळ्यात कमान धरतो. धरलीच तर कोमट करून पालथा, वर चार जाड पुस्तकं, एक रात्र.